मुक्या चित्रात भागी काय बोलली

भागी,

तू गेलीस हे मला बाजारात कळलं. पोशेऱ्याकडची एक बाई सुपं घेऊन बसली होती. मी एक सूप उचलून बघत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मास्तर, भागी गेली. तुना कोणी सांगितला नाय?"

मी विचारलं, "कधी?"

"झाले चार दिस. तीन दिस ताप व्हता."

मी सूप खाली ठेवलं. मला सूप नकोच होतं. बाजाराच्या दिवशी तू आलीस का ते बघायला मी एक चक्कर मारतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकतो. तू दिसली नाहीस की काहीतरी उचलायचं, उलटसुलट करून बघायचं आणि शाळेत परत जायचं. तू दिसलीस की मात्र मी दुसऱ्या बाजूनं निघून जायला बघायचो, कारण तू लांबूनच हाक मारायचीस, "ये मास्तर, पाटी बदलली का?" आणि सगळा बाजार माझ्याकडे वळून बघायचा.

मी सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला ठाऊक आहेच. पण तुझ्या आठवणीत आणि माझ्या आठवणीत नेहमी फरक पडायचा आणि तू माझं बोलणं मध्येच तोडायचीस. आज तोडणार नाहीस. लिहिताना दर चार ओळींनी हात थांबतो आहे, तो त्यामुळेच.

मुंबईची ती सिनेमा कंपनी जव्हारला आली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. तेव्हाची चित्रं मुकी होती. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, आवाज नाही. मध्येच एक काळी पाटी यायची आणि माणूस काय बोललं ते तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. कंपनीचे मालक त्र्यंबकराव. दिग्दर्शकही तेच. उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर हॅट आणि पायांत कोल्हापुरी वहाणा. डहाणू स्टेशनापासून बैलगाड्यांतून त्यांनी सामान आणलं. त्यांना डोंगर हवा होता, झरा हवा होता, काळे खडक हवे होते. आमच्या जव्हार संस्थानच्या दरबारानं परवानगी दिली आणि मला हुकूम आला: पाड्यांवरच्या लोकांची बोली मास्तरांना समजते, सबब त्यांनी दुभाषी म्हणून कंपनीबरोबर जावं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मराठी पाट्या रंगवायचं कामही मलाच मिळालं. मी अगदी हवेत होतो. बायकोला म्हणालो, आता माझं अक्षर मुंबईपर्यंत जाणार.

चित्राची गोष्ट तशी साधी होती. जहागीरदाराच्या मुलावर खोटा आळ येतो, तो डोंगरात लपतो, त्याची बायको त्याला शोधत येते आणि पाड्यावरच्या बायकांत त्यांच्यासारखी होऊन राहते. त्या बायकोचं काम करायला मुंबईची एक नटी आली होती. गोरीपान, नाजूक, मराठीचा एक शब्द येत नव्हता. मुक्या चित्रात त्याचं काही अडत नसे. अडलं ते पायांपाशी. पोशेऱ्याखालच्या ओढ्यावर तिनं डोक्यावर मडकी घेऊन अनवाणी उतरायचं होतं. दोन पावलं टाकली आणि ती मटकन खाली बसली.

त्र्यंबकराव मला म्हणाले, "एखादी इथली बाई बघा. पाठमोरीच घेऊ. तोंड दिसणार नाही."

तू तिथं पाणी भरायलाच आली होतीस. तुझं माहेर सूर्यमाळ. उन्हाळ्यात अर्धा डोंगर उतरून पाणी आणायचं आणि पुन्हा अर्धा डोंगर चढायचा, हे तू चालायला लागल्यापासून केलेलं. मी तुला विचारलं, "हिच्याऐवजी चालशील का?"

तू म्हणालीस, "चालायचा कुठं?"

"कुठंच नाही. तिथून इथपर्यंत."

"आणि पाणी कोणाला पायजे?"

"कोणालाच नको. मडकी रिकामीच आहेत."

तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला स्वतःचीच लाज वाटली. रिकाम्या मडक्यांनी चालायला तू साफ नकार दिलास. रिकामं मडकं डोक्यावर डुलतं, मान लागत नाही, चाल येत नाही, असं तुझं म्हणणं. मी ते त्र्यंबकरावांना समजावलं. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय. भरा." मग तू सहा वेळा उतरलीस. प्रत्येक वेळी खाली आलीस की विचारायचीस, "आथां हा पाणी ओतू कुठं?" शेवटी ते पाणी तू त्या नटीच्या पायांवर ओतलंस, कारण तिच्या टाचांना फोड आले होते. मग कसलासा पाला चुरगाळून तिच्या तळव्यांना बांधलास. तिला तुझी भाषा येत नव्हती, तुला तिची. ती तुझा हात सोडेना.

सातव्या वेळी गोंधळ माझ्यामुळं झाला. तुझं एक मडकं कलतंय असं वाटून मी मागून ओरडलो, "भागी, सांभाळ!" आणि तू चालता चालता वळून माझ्याकडे बघितलंस. रागानं बघितलंस. मडकी जागची हलली नाहीत. चित्र घेणाऱ्या यंत्राचं हँडल फिरवणारा थांबला. मी म्हटलं, गेली फिल्म वाया. पण त्र्यंबकराव यंत्राच्या भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ह्या बाईचं तोंड दिसलं पाहिजे."

असं तुला काम मिळालं. नटीला आसरा देणारी पाड्यावरची बाई, जिचं मूल त्या उन्हाळ्यात जातं. ते काम खरं म्हणजे कंपनीतला एक नट लुगडं नेसून करणार होता. तुला सांगितलं तेव्हा तू एकच विचारलंस, "माना काय बोलायचा हाय?" मी म्हणालो, "काहीही बोल. ऐकू येतच नाही." तुला ते फार आवडलं. पुढचे चार दिवस तू यंत्रासमोर मनाला येईल ते बोललीस. त्र्यंबकरावांच्या हॅटीबद्दल बोललीस. नटीला नवऱ्याची बातमी कळते त्या प्रसंगात तू तिच्या पाठीवरून हात फिरवत, चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणत होतीस, "हिना जेवायला घाला कोणी, हाडाहाडांची पोर हाय." हसू दाबताना माझा जीव जायचा. तू सगळ्यांना अरे-तुरे करायचीस, तुमच्याकडची रीतच ती. त्र्यंबकराव मुंबईला सगळ्यांना अहो-जाहो करत आणि करून घेत. तू त्यांना "ये टोपीवाल्या" म्हटलंस, तेव्हा मी ते बदलून सांगितलं. दुभाषी म्हणून मी केलेली ती पहिली लबाडी.

दुसरी लबाडी सांगायची वेळ आली.

मूल गेल्यावरचा तुझा प्रसंग होता. झोपडीच्या दाराशी रिकामी झोळी टांगलेली आणि तू तिच्याशेजारी बसलेली. तू रडावंस अशी त्र्यंबकरावांची इच्छा. तू रडेनास. कांदा आणला, तर तू तो हुंगलास आणि म्हणालीस, "चांगला हाय, भाकरीसंगं द्या." एक अख्खा दिवस गेला. ऊन उतरलं, सामान आवरलं.

त्या संध्याकाळी तुझी शेजारीण मला म्हणाली, "तिना रडवू नका, मास्तर. तिची पोर गेली, तीन वरसं झाली. तवापासून ती रडलेलीच नाय. सासूनं घरात त्या पोरीचा नाव काढायचा नाय असा सांगितला हाय."

मला हे ठाऊक नव्हतं. मी मुकाट्यानं परत आलो असतो तर बरं होतं. पण मी जाऊन त्र्यंबकरावांना सांगितलं. का सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तुझ्यावर दया करा, म्हणून सांगितलं असं मी बरीच वर्षं मानत होतो. ते तितकं खरं नाही. मला ठाऊक असलेली गोष्ट मोठ्या माणसाला सांगायची हौस होती, एवढंच.

त्र्यंबकराव वाईट माणूस नव्हते, भागी. त्यांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "उद्या हँडल फिरायला लागलं की तुम्ही यंत्राच्या शेजारी उभे राहा, आणि तिला तिच्या मुलीचं नाव विचारा. बस, एवढंच." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. तू झोळीशेजारी बसलीस. त्र्यंबकराव माझ्या कानात पुन्हा आठवण करून गेले आणि मी यंत्राशेजारी जाऊन उभा राहिलो. हँडल फिरायला लागलं. मी विचारलं, "भागी, तुझ्या पोरीचं नाव काय होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता उठून जाशील. तू गेली नाहीस. तू यंत्राकडे पाठ केली नाहीस, डोळ्यांना पदर लावला नाहीस. माझ्याकडे बघत तू बोलायला लागलीस, आणि डब्यातली फिल्म संपेपर्यंत बोललीस.

"चैती. चैतात झाली म्हणून चैती. तिना नागलीची भाकर आवडायची नाय. भात मागायची. रोज भात मी कुठून आणू? मी म्हणायची, राजाच्या घरी जन्मायचा व्हता तुना. गेली त्या दिशी तिनी भात मागितला. मी शेजारून तांदूळ आणला. लाकडा ओली, चूल पेटंना. भात शिजला तवर ती झोपली. माना वाटला झोपली. मी तो झाकून ठेवला. उठल तवा खाईल. मग सांजच्याला सगळी मानसा येऊन गेली, आणि तो भात मीच खाल्ला. टाकता कसा येईल?"

तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हँडल फिरवणाऱ्याच्या होतं, आणि त्याला तर एक शब्द समजला नव्हता.

फिल्म संपली. त्र्यंबकराव माझ्याकडे आले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मास्तर, काय बोलली ती?"

मी म्हणालो, "देवाचा धावा केला."

जव्हारला परतल्यावर मी पाटी रंगवली. 'हे परमेश्वरा! माझं बाळ मला परत दे!' अक्षर फार सुरेख आलं. त्र्यंबकरावांनी पाठ थोपटली.

मी खरं का सांगितलं नाही? तुझं दुःख चारचौघांत जाऊ नये म्हणून, असं मी तुला नंतर अनेकदा म्हणालो, आणि तू दर वेळी 'नाय' म्हणून मान हलवलीस. आज लिहितो. खरं सांगितलं असतं तर मी काय विचारलं तेही सगळ्यांपुढं निघालं असतं, आणि तू काय उत्तर दिलंस ते ऐकल्यावर माझ्या प्रश्नाची मला शरम वाटत होती. शिवाय भात, ओली लाकडं, झाकून ठेवणं, हे पाटीवर लिहायचं असतं असं मला तेव्हा वाटतच नव्हतं. पाटीवर परमेश्वर लिहायचा असतो, अशी माझी समजूत होती.

चित्र तयार झाल्यावर त्र्यंबकरावांनी आधी कबूल केल्याप्रमाणे ते जव्हारला दाखवायला आणलं. आमच्या शाळेच्या मोठ्या खोलीत, दुपारच्या वेळी, खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ झाला. पुढं खुर्च्यांवर दरबारची मंडळी. तू दाराशी जमिनीवर बसलीस, शेजारी तुझा नवरा लखमा. वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्या मोठ्यानं वाचायला मी पडद्याशेजारी छडी घेऊन उभा. तू डोंगर उतरताना दिसलीस आणि मागून तुझा आवाज आला, "मी अशी वाकडी चालतंय?" खुर्च्यांवरची माणसंसुद्धा हसली.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर तुझं तोंड, एवढं मोठं. तू बोलत होतीस आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पाटी आली. मी वाचली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले.

खेळ संपल्यावर तू विहिरीपाशी मला गाठलंस.

"त्या पाटीवर काय लिहला व्हता?"

मी पुन्हा सांगितलं.

"मी असा बोलले नाय. देवाकडं मी काय पण मागितला नाय. तू तिथं व्हतास, तुना ठाव हाय."

"लोकांना कळलं नसतं, भागी."

"भात लोकांना कळत नाय?"

मी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग तू हळू म्हणालीस, "निदान तिचा नाव तरी लिहायचा व्हता. तुझ्याजवळ रंग व्हता, कुंचला व्हता. तिचा नाव कुठंच लिहलेला नाय, मास्तर."

हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं तुझं काही लपवून मी भलं केलं. तुला तर ते लिहिलेलं हवं होतं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी त्र्यंबकरावांना पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं, पाटी बदलता येईल का विचारलं. त्यांचं उत्तर आलं. माझ्यावर न रागावता त्यांनी लिहिलं होतं की प्रती गावोगाव गेल्या आहेत, हातातल्या परत आल्या की बघू. पुढं त्यांची कंपनी बंद पडली आणि पत्रंही बंद झाली. मी तुला हे समजावायचो. तू म्हणायचीस, "पाटी पुसता येत नाय? तुझ्या शाळेत तर रोज पुसतात." मी म्हणायचो, तुला लिहायला शिकवतो, चैतीचं नाव तू स्वतः लिही. तू म्हणायचीस, "मी कसाला लिहू? चूक तुझी." भांडून झालं की पदरातून काहीतरी काढायचीस, कधी कंद, कधी वालाच्या शेंगा, एकदा मोहाची सुकलेली फुलं, आणि माझ्या बायकोसाठी म्हणून माझ्या हातात द्यायचीस. मला म्हणून कधी काही दिलं नाहीस. माझी बायको विचारायची, "आज भागी रागावली का?" मी शेंगा पुढं करायचो. ती म्हणायची, "म्हणजे रागावली."

ह्या भांडणात आपण दोघांनी किती काय बोलून घेतलं, ह्याचा मला आता अचंबा वाटतो. चैती कुणासारखी दिसायची, तिला कुत्र्याची भीती कशी नव्हती, ती झोपेत कशी हसायची, हे सगळं तू मला भांडताभांडताच सांगितलंस. आम्हाला मूल होणार नाही हे कळलं, तेव्हा तूच एकटी काही उपाय न सांगता नुसती ओट्यावर बसून गेलीस. त्या दिवशी पाटीचं नाव काढलं नाहीस. मी मुद्दाम काढलं, तर म्हणालीस, "आज नाय."

आणि मग मोखाड्याची जत्रा. बोलपट येऊन काही वर्षं झाली होती, मुकी चित्रं कुणालाच नको होती, म्हणून एका तंबूवाल्याला आपल्या चित्राची जुनी प्रत सहज मिळाली होती. फिल्मवर ओरखडेच ओरखडे. मला कळलं तसा मी मोखाड्याला गेलो आणि त्याला म्हणालो, पाट्या मी वाचतो, त्या माझ्याच अक्षरातल्या आहेत. त्याला फुकटचा माणूस मिळाला. तंबू भरला होता. सूर्यमाळेची, पोशेऱ्याची, पार वांगणीपर्यंतची माणसं. तू मध्ये कुठंतरी बसली होतीस. मी तुला सांगितलं नव्हतं, कारण माझं मलाच ठाऊक नव्हतं मी काय करणार ते.

तुझं तोंड पडद्यावर आलं. तरुण तू. पाटी आली. परमेश्वर माझ्या सुरेख अक्षरात उभा होता. मी छडी खाली ठेवली आणि म्हणालो, "ह्या पाटीवर लिहिलंय ते खोटं आहे. मी लिहिलंय. ती काय बोलली ते मी सांगतो."

आणि मी तुमच्या बोलीत सांगायला लागलो. चैतात झाली म्हणून चैती. नागली आवडायची नाही. भात मागितला. ओली लाकडं. माझ्या तोंडात तुमची बोली कशी वाकडी येते ते तुला ठाऊक आहे, पण कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "भात शिजला तवर ती झोपली. मग मी तो भात थंड व्हऊ दिला..."

"थंड व्हऊ दिला नाय, मास्तर."

अंधारातून तुझा आवाज आला. तू उठून उभी राहिली होतीस. पडद्याचा उजेड तुझ्या तोंडावर पडत होता.

"झाकून ठेवला व्हता. थंड मी कसाला व्हऊ देईन?"

 पुढचं तू सांगितलंस. सगळं सांगितलंस, पडद्यावरचा प्रसंग केव्हाच संपून जहागीरदाराचा वाडा सुरू झाला होता तरी. तंबूवाल्यानं यंत्र थांबवलं. माणसं पडद्याकडे पाठ करून तुझ्याकडे तोंड करून बसली. तू संपवलंस तेव्हा सूर्यमाळेच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काय नाव म्हटला पोरीचा?" तू सांगितलंस. तिनं ते शेजारणीला सांगितलं, तिनं पुढच्या बाईला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. चांगलं बोलशील असं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू म्हणालीस, "घरी जा आथां. बायको वाट बघत असल." तरी पुढच्या बाजारी तू हाक मारलीस तीच, "ये मास्तर, पाटी बदलली का?" पण आता हाक मारून झाल्यावर हसायचीस.

मला तुझी क्षमा मागायची होती. पाटीबद्दल तर मी कैक वेळा मागितली. पण त्या दिवशी, हँडल फिरत असताना तुला चैतीचं नाव विचारलं, त्याबद्दल कधीच मागितली नाही. तो प्रश्न मी स्वतःहून विचारला नव्हता, मला विचारायला सांगितलं होतं, हे तुला कळलं असेल का, ह्याची मला भीती होती. चित्र मुकं होतं म्हणून माझा प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही, ह्याचं मला कितीतरी वर्षं बरं वाटत होतं.

तुझ्या बाराव्याला मी पोशेऱ्याला गेलो. लखमा पार खंगला आहे. तो मला घराच्या मागं घेऊन गेला, तुझ्या नागलीच्या खळ्यावर आम्ही दोघं बसलो. मी ठरवून गेलो होतो की तुला जे सांगायचं राहिलं ते त्याला तरी सांगावं. मी सांगितलं. म्हणालो, तो प्रश्न मला विचारायला सांगितला होता, आणि मी तो विचारला, ती रडावी म्हणून.

लखमा म्हणाला, "तिना ठाव व्हता."

"केव्हापासून?"

"तवाच. टोपीवाला कानात सांगून गेला आणि मास्तर आला, हा तिनी बघितला व्हता. तिनी माना त्याच सांजंला सांगितला. मी लाकूडतोडीवरनं आलो व्हतो. म्हणाली, आज मास्तरनी चैतीचा नाव विचारला."

तो बराच वेळ खळ्याच्या जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"मास्तर, तीन वरसा मी त्या पोरीचा नाव घेतला नव्हता. घेतला तर ती रडल, असा माना वाटायचा. आणि तिना वाटायचा, मी पोरीला इसरलो. त्या सांजंला ती चैती म्हणाली, मी पण म्हणालो. आईला ऐकू गेला. आई काय बोलली नाय. मग आमी रोज बोलायला लागलो. तवापासून घर जरा घरासारखा झाला."

मी विचारलं, "मग मला हे तिनं कधी सांगितलं का नाही?"

लखमा पहिल्यांदाच हसला. "मी पण तिना म्हटला व्हता, मास्तरना सांग, तो उगा झुरतो. तर म्हणाली, झुरू दे. सांगितला तर तो पाटीचा इसरून जाईल."

तिथून जव्हारपर्यंत मी चालत आलो. वाटेत बैलगाडीवाल्यानं दोनदा विचारलं, मी नको म्हणालो. मला तुझा राग आला होता, भागी, आणि तो राग काढायला समोर तू नव्हतीस. इतकी वर्षं तू मला टोचणी लावून ठेवलीस आणि वर माझ्या बायकोसाठी शेंगा दिल्यास. मोखाड्याचा रस्ता संपून जव्हार दिसायला लागलं तेव्हा कुठं मला नीट कळलं. तू त्याच सांजेला येऊन सांगितलं असतंस की बरं झालं विचारलंस, तर मी निवांत झालो असतो. पाटी रंगवून, पाठ थोपटून घेऊन, शाळेत धडे देत बसलो असतो. मोखाड्याच्या तंबूत जाऊन तोंड उघडलं नसतं.

हे तू ठरवून केलंस, की तुझ्या स्वभावानं आपोआप झालं, एवढंच तुला विचारायचं राहून गेलं.